माझगावात न आलेली फ्लोरा

फ्लोरा खरं तर माझगावात यायची होती. हुतात्मा चौकातल्या कारंज्याच्या शेंड्यावर उभी असलेली ही दगडी बाई घडवली गेली ती राणीच्या बागेसाठी, आणि राणीची बाग ज्या जमिनीवर वसली ती माझगावची माउंट इस्टेट. १८६१ साली तिथली ३३ एकर जागा ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी बाग लोकांना खुली केली. बागेला शोभेलसं कारंजं हवं म्हणून रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी आराखडा केला, जेम्स फोर्सिथ यांनी पोर्टलंडच्या दगडात मूर्ती कोरल्या. कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी २०,००० रुपयांची देणगी दिली. एकूण खर्च ४७,००० रुपयांवर गेला. हे काम १८६४ चं. त्याच सुमारास फोर्टचे तट पाडले जात होते, जुनं चर्चगेट नाहीसं झालं होतं, आणि त्या मोकळ्या जागेत काहीतरी देखणं उभं करायचं सरकारच्या मनात होतं. कारंजं तिकडे गेलं. बागेला घड्याळाचा मनोरा मिळाला, संग्रहालय मिळालं, घारापुरीचा दगडी हत्ती मिळाला. फ्लोरा मात्र फोर्टातच राहिली.

मी माझगावात वाढले, इथल्याच मुलांना इतिहास शिकवला. बागेत सहल नेली की ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगत असे. एखादी मुलगी हटकून विचारायची, 'बाई, पण फ्लोरा म्हणजे कोण?' फुलांची देवी, असं उत्तर पुस्तकात सापडतं आणि ते बरोबरही आहे. पण फ्लोरा देवी झाली कशी, हे तिने स्वतः सांगितलं आहे, आणि ते ऐकलं की त्या पांढऱ्या मूर्तीकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

ओव्हिड या रोमन कवीने 'फास्ती' नावाचं काव्य लिहिलं. रोमच्या सणवारांचं ते पंचांग आहे, महिन्याला एक सर्ग. मे महिन्याच्या सर्गात कवी फ्लोरालाच विचारतो, की बाई, तुम्ही कोण? आणि ती बोलते. आपण मूळच्या क्लोरिस, एका सुखी माळरानावर राहणारी निम्फ, असं ती सांगते. निम्फ म्हणजे झऱ्याची, झाडाची, डोंगराची, कुरणाची देवता. देवांच्या उतरंडीत खालच्या पायरीवरची. वसंताचे दिवस होते, ती फिरत होती. पश्चिमेच्या वाऱ्याने, झेफिरसने, तिला पाहिलं. ती बाजूला झाली. तो मागे आला. ती पळाली. तो अंगाने दांडगा होता. त्याचा भाऊ बोरिअस, म्हणजे उत्तरेचा वारा, याने आधीच अथेन्सच्या राजाची मुलगी ओरिथिया उचलून नेली होती, त्यामुळे झेफिरसलाही जणू परवाना मिळाला. पुढे झेफिरसने क्लोरिसशी लग्न केलं, तिला एक बाग दिली, फुलांवर राज्य दिलं. आता माझी काही तक्रार नाही, असं ती कवीला सांगते.

'तक्रार नाही.' हे दोन शब्द मी चाळीतल्या बायकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहेत की ओव्हिड वाचताना मी तिथेच थांबले. पहिल्या दिवाळीला माहेरी आलेल्या मुलीला शेजारणी विचारायच्या, काय गं, कसं आहे सासर? आणि ती पदराच्या टोकाशी चाळा करत हेच म्हणायची. त्यात कधी खरं समाधान असायचं, कधी नसायचं. विचारणारीला ते कळायचंही. ओव्हिड पुरुष होता, दोन हजार वर्षांपूर्वीचा होता, तरी त्याने ही हकिकत तिच्या तोंडी घातली, पाठलाग गाळला नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

बोत्तिचेल्लीने हा क्षण रंगवला आहे. फ्लोरेन्सच्या उफ्फिझीत त्याचं 'प्रिमावेरा' आहे, त्याच्या उजव्या कडेला पाहा. निळसर-हिरव्या कातडीचा, गाल फुगवलेला झेफिरस झाडांतून खाली झेपावतो आहे आणि त्याचे हात क्लोरिसच्या अंगाला भिडले आहेत. ती पुढे पळते आहे पण मान मागे वळली आहे. तोंड अर्धवट उघडं, आणि त्यातून फुलांची एक डहाळी बाहेर पडते आहे. तिला लागूनच, तिच्या पुढ्यात, फुलांच्या झग्यातली फ्लोरा शांतपणे फुलं उधळत येते. एकाच बाईची आधीची आणि नंतरची अशी दोन रूपं शेजारी शेजारी. लोक त्या दुसरीचं रूप बघत उभे राहतात. मला पहिलीचं उघडं तोंड विसरता येत नाही. ओरडायला गेलेल्या बाईच्या तोंडून फुलं आली, आणि जगाने फुलं उचलली.

हुतात्मा चौकात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो, चर्चगेटच्या बाजूने, समुद्रावरचा. झेफिरसचाच वारा तो. माझगाव बेटाच्या पूर्व अंगाला, बंदराकडे तोंड करून आहे. इथे आली असती तर तिला त्या वाऱ्यापासून थोडी लांब जागा मिळाली असती, असं मला अनेकदा वाटून गेलं आहे.

ग्रीक पुराणांत निम्फ आणि देव यांची गाठ पडली की बहुतेक वेळा हेच घडतं. अपोलो डॅफ्नीच्या मागे लागतो. पकडली जाणार असं दिसताच ती नदीदेवतेला, आपल्या बापाला, हाक मारते आणि लॉरेलचं झाड होते. अपोलो त्या झाडाच्या फांद्यांचा मुकुट करतो. पॅन सिरिंक्सच्या मागे लागतो. ती नदीकाठचा बोरू होते आणि पॅन तो कापून पावा करतो. अरेथुसा आल्फिओस नदीच्या देवापासून पळते, पाणी होते, समुद्राखालून वाट काढत सिसिलीत सिराक्यूजला वर येते. नदी तिथवरही तिच्या मागे जाते. सिराक्यूजमध्ये तिच्या नावाचा झरा आजही आहे. देवाचं काहीच बिघडत नाही, हे या सगळ्या गोष्टींत ध्यानात येतं. त्याच्या हाती शेवटी मुकुट येतो, पावा येतो. ती मात्र तिच्या देहाला मुकते.

कॅलिस्टोची हकिकत याहून कडू. ती शिकारीच्या देवीच्या, आर्टेमिसच्या मेळ्यातली, लग्न न करण्याचं व्रत घेतलेली शिकारी मुलगी. झ्यूस आर्टेमिसचंच रूप घेऊन तिच्याजवळ गेला. जिच्यावर सर्वात जास्त विश्वास, तिचा चेहरा लावून. पुढे तिचे दिवस गेल्याचं उघड झाल्यावर आर्टेमिसने तिला मेळ्यातून हाकललं. मग झ्यूसच्या बायकोने, हेराने, तिची अस्वल केली. झ्यूसला कुणी काही विचारलं नाही. स्वतःचा मुलगाच भाला उगारून समोर आला तेव्हा झ्यूसने दोघांना उचलून आकाशात बसवलं. तरीही हेराचा राग शमला नाही. तिने समुद्राच्या देवांकडे शब्द टाकला, की या अस्वलीला तुमच्या पाण्यात कधी पाय ठेवू देऊ नका. म्हणून ग्रीसच्या आकाशात ती चांदण्यांची अस्वल कधी मावळत नसे, रात्रभर ध्रुवाभोवती तहानलेली फिरे.

आपण त्याच चांदण्यांना सप्तर्षी म्हणतो, वसिष्ठांच्या शेजारी अरुंधती शोधतो. आणि मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथून पाहिलं तर सप्तर्षी मावळतात, सगळेच्या सगळे क्षितिजाखाली जातात आणि पुन्हा उगवतात. हेराचा शाप आपल्या आकाशाला लागू नाही. कॅलिस्टोला इथे पाण्यात उतरता येतं. भूगोलाचा साधा हिशेब आहे हा, पण तो लक्षात आला त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं.

आपली पुराणं या बाबतीत निर्दोष आहेत असं मी म्हणणार नाही. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात इंद्र रंभेला विश्वामित्रांचं तप भंग करायला पाठवतो. रंभा हात जोडते. हा ऋषी भयंकर आहे, तो माझ्यावर कोपेल, मला भीती वाटते, असं ती स्पष्ट सांगते. इंद्र म्हणतो, भिऊ नकोस, मी मदनासह कोकिळा होऊन तुझ्याजवळच असेन. ती जाते. विश्वामित्र सगळं ओळखतात आणि दहा हजार वर्षं शिळा होण्याचा शाप देतात. तो शाप बसतो रंभेला. इंद्र तिथून निसटतो. कॅलिस्टोने काही केलं नव्हतं आणि रंभेने हुकूम पाळला होता. दोघींना शिक्षा सारखीच. उत्तरकांडात हीच रंभा रावणाच्या हाती सापडते. मी तुमच्या पुतण्याची, नलकुबराची, म्हणजे तुमची सूनच, असं ती विनवते. तो ऐकत नाही. अप्सरा म्हटलं की आपल्याकडे नाचगाण्याचं चित्र उभं राहतं. तिने जोडलेले हात कुणी रंगवत नाही.

पण पाण्याच्या या बायकांची दुसरीही एक हकिकत आहे. ती दरबारात गायली गेली नाही. ती मला माझ्या आजीकडून मिळाली.

आजीचं माहेर साताऱ्याकडचं, कृष्णाकाठचं. आजोबा गोदीत कामाला लागले तशी ती माझगावात आली. तिच्या बोलण्यात साती आसरा असायच्या. नदीच्या डोहाशी, विहिरीच्या थारोळ्याशी शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले, बाजूला म्हसोबा. त्यांची नावं जुन्या लिखाणात मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतूपी, सोमपा, मकरी अशी येतात. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर, म्हणजे पाण्यातलीच बरीचशी जात. आजीला ती नावं ठाऊक नव्हती. ती नुसतं 'बाया' म्हणायची. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला डोहाकडे फिरकू नये, बाया न्हायला येतात. मोकळ्या केसांनी पाण्यावर जाऊ नये. पाण्यात माणूस ओढला गेला की त्याला आसरांनी नेलं म्हणायचं. पोर अंगात कणकण घेऊन पाण्यावरून आलं की दहीभात नेऊन ठेवायचा. आणि बाळंतीण सव्वा महिन्यांनी प्रथम घराबाहेर पडली की पहिली विहिरीवर जायची. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण-नारळ, बायांची ओटी भरायची, मगच घागर आत सोडायची.

आजीच्या एकाही गोष्टीत आसरांच्या मागे कुणी देव लागत नाही. त्यांना नवरा नाही, कुणाचा हुकूम नाही. म्हसोबा आहे तो राखणीला. सातजणी एकत्र असतात, एकटी कधीच नसते. भ्यायचं ते माणसांनी. देव आला की पाण्यातली बाई पळू लागते. गोष्टीत देव नसला की ती पाण्याची मालकीण असते. हे माझं निरीक्षण मी बऱ्याच गोष्टींवर लावून पाहिलं आहे आणि ते टिकलं आहे.

ग्रीसमध्येही ते टिकतं. कवींनी निम्फ पळवली, पण पाणी भरणाऱ्यांनी तिला पुजलं. अथेन्समध्ये लग्नाआधी वधूच्या न्हाणासाठी कॅलिर्‍होई झऱ्याचं पाणी आणायची रीत होती. अथेन्सजवळ वारीच्या डोंगरात निम्फांची एक गुहा आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात थेराहून आलेला आर्केडेमॉस नावाचा एक पाथरवट तिथे राबला. निम्फांनी मला झपाटलं आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी ही गुहा घडवली, असं त्याने दगडात कोरून ठेवलं आहे. स्वतःची आकृतीही कोरली आहे, हातात हत्यारं घेतलेली. त्याने तिथे त्यांच्यासाठी बाग लावली. हा माणूस आजीला लगेच कळला असता. आसरा लागलेली माणसं तिने पाहिली होती, आणि अशा माणसाला दामटून घरी आणू नये, त्याला बायांचं काम करू द्यावं, हे तिचं मत होतं. हिलासची गोष्टही तिला नवी वाटली नसती: हेराक्लीसचा हा कोवळा सोबती घागर घेऊन झऱ्यावर वाकला, आणि झऱ्याच्या निम्फने त्याच्या गळ्यात हात टाकून त्याला आत ओढलं. हेराक्लीस रानोमाळ हाका मारत राहिला आणि ते दोघे ज्यावर होते ते अर्गो जहाज त्याला न घेताच पुढे गेलं. त्या झऱ्यावर निम्फची सत्ता होती आणि तिथे हेराक्लीसचंही काही चाललं नाही.

मुंबईत या बाया होत्याच. विहिरींचंच शहर होतं हे; १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी आलं तोवर आणि नंतरही कितीतरी काळ वाड्यावाड्यांत विहिरी होत्या. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. ॲनोफेलिस स्टेफेन्सी जातीचा डास विहिरींत आणि टाक्यांत अंडी घालतो, हिवताप त्यातून पसरतो, हे त्यातून पुढे आलं. पालिकेने विहिरी बुजवायला आणि झाकायला घेतल्या. मालक अडून बसले. पाण्यातल्या देवतेचा कोप होईल, घरात माणूस दगावेल, अशी त्यांची तक्रार. रुस्तम पेस्तनजी मसानी तेव्हा पालिकेत अधिकारी होते, पुढे आयुक्तही झाले. दुसऱ्या कुणी हे अडाणीपण म्हणून उडवून लावलं असतं. मसानींनी ते ऐकून घेतलं, टिपून घेतलं, आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात मुंबईच्या विहिरींपासून पूर्व-पश्चिम दोन्हीकडच्या जलपूजेपर्यंतचा धांडोळा आहे. सरकारी माणसाने आपल्या हुकमाआड येणाऱ्या श्रद्धेचा असा मान राखावा, ही मला या शहराच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते.

विहिरी बंद केल्या ते योग्यच केलं. हिवतापाने घरंच्या घरं आजारी पडत होती. पण त्या कामात बायांची एक जागाही गेली. बाळंतीण सव्वा महिन्यांनी ओटी घेऊन जायची कुठे? आमच्या वाडीतल्या विहिरीवर लोखंडी झाकण होतं, गंजून तांबडं झालेलं, कडेला कुलपाची कडी. माझी आई धाकट्या भावाला घेऊन प्रथम खाली उतरली तेव्हा आजीने त्या झाकणावरच कुंकवाची सात बोटं ओढली, दहीभाताचे सात मुटके ठेवले. दुपारपर्यंत ते कावळ्यांनी नेले. पुढे वाडी पडली, इमारत उठली, विहीर नक्की कुठे होती ते आता मलाही नेमकं दाखवता येणार नाही.

एक विहीर मात्र फ्लोरापासून चालत काही मिनिटांवर आजही जिवंत आहे. भिखा बेहराम यांनी १७२५ मध्ये खोदलेली, क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरची. समुद्र इतका जवळ असून तिचं पाणी गोड आहे. पारशी मंडळी तिथे दिवा लावतात, पाण्याच्या दैवताची, अवांची, प्रार्थना करतात. आत जायची परवानगी आपल्याला नाही, आणि ते ठीकच आहे. रस्त्यावरून जाताना मी हात जोडते. फ्लोराच्या कारंज्यासाठी पैसे देणारे पारेखही पारशीच होते.

फ्लोराच्या शेजारी आता हुतात्मा स्मारक आहे, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढणाऱ्यांवर २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या लढ्यात बळी गेलेल्यांची नावं आपण दगडात कोरली, चौकाला त्यांचं नाव दिलं, हे आपण चांगलं केलं. कारंजंही अलीकडे दुरुस्त झालं. रंगाचे थरावर थर चढले होते ते खरवडून काढले, २०१९ मध्ये पाणी पुन्हा सुरू झालं. मूर्ती स्वच्छ झाली. तिची हकिकत अजून तशीच झाकलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती फुलांची देवी आहे एवढंच कळतं.

म्हणून ज्या कुणाला या गोष्टी मुलांना सांगायच्या असतील, त्या शिक्षकांना, आईबापांना, मराठीत ग्रीक पुराणं लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. अपोलो डॅफ्नीच्या प्रेमात पडला, असं सांगून मोकळे होऊ नका. ती पळाली तर पळाली म्हणा. झ्यूसने कॅलिस्टोला फसवलं, हे तसंच सांगा. रंभेची शिळा झाली हे सांगाल तेव्हा ती आधी हात जोडून भीती वाटते म्हणाली होती, तेही सांगा. आणि त्यांच्या जोडीला साती आसरांचीही गोष्ट सांगा, सातही नावांसकट. मुलं विचारतील, देव असून असं का वागला? तेव्हा देवाची बाजू सावरायला धावू नका.